उजवी पाकळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. देवीचा कौल मी खोटा सांगितला.

आमची एकुलती एक लेक सई विमान चालवायला शिकायला निघाली, तेव्हा मी फार घाबरलो. "आधी देवीला विचारतो," म्हणून मी एकटाच हळर्णच्या देवळात गेलो. भटजींनी मूर्तीला पाकळ्या लावल्या. मी मनातच विचारलं, पाठवू का? उजवी पाकळी पडली. म्हणजे देवीचा होकार. घरी येऊन मी सांगितलं, डावी पडली.

"देवीक विमानातला काय कळता?" म्हणत सई हसली नि गेली. ते हसू वरवरचं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

ती पहिल्यांदा एकटी उडाली त्या दिवशी मी धावपट्टीच्या कुंपणाशी उभा होतो. विमान उतरायला आलं. चाकं आपटली, ते उसळलं, पुन्हा आपटलं, पुढचं चाक मोडलं आणि नाक घासत ते गवतात घुसलं! माझ्या तोंडून "आई, आई" याखेरीज शब्द फुटेना. धुळीत दार उघडलं. एका पायात बूट, दुसरा पाय अनवाणी, अशी सई धावत सुटली. "बाबा, बघ, मी चालतंय!" मी रडत होतो की हसत होतो, कोण जाणे.

संध्याकाळी मात्र ती म्हणाली, "उतरताना तुझो डावो कौलच डोळ्यांसमोर इलो. अंदाज चुकलो. बाबा, तू परत विचार. ह्या खेपेक डावो पडलो तर मी सोडतंय."

मी पुन्हा हळर्ण गाठलं. या वेळी ठरवलं, जे पडेल तेच सांगायचं. सगळं देवीवर सोपवलं आणि खूप दिवसांनी छाती हलकी झाली. भटजींचा हात बाजूला होतो न होतो तोच, टप्! उजवी! मी देवळातूनच फोन लावला. "उजवो गे बाय, उजवो!"

"हळू," भटजी म्हणाले, "देवी भयरी नाय."

पलीकडे सई आनंदानं किंचाळत होती.

आता ती पुन्हा उडते, अलगद उतरते. मी दडवून ठेवलेलं देणं देवीनं न रागावता दुसऱ्यांदा ओंजळीत घातलं. पहिला कौलही उजवाच होता, हे सईला सांगणं मात्र अजून माझ्याकडे राहिलं आहे.