आकसाची पट्टी

फत्तेसिंहरावांनी मकरपुऱ्याच्या कारखान्यात सव्वीस वर्षं ओतकामाचे लाकडी साचे केले. ओतलेलं लोखंड निवताना आकसतं, म्हणून साचा मुळातच मोठा करायचा. त्यासाठी त्यांची वेगळी पट्टी होती. तिचा फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत मोठा. शहाण्णव साली यंत्रावर कोरलेले साचे आले आणि फत्तेसिंहराव घरी बसले. पट्टी सोबत आणली.

त्याच हिवाळ्यात गोविंदराव गवंडी घडियाळी पोळ या गल्लीत त्यांच्या दारात उभे राहिले. बाजव्याकडच्या ओढ्यावरच्या जुन्या पुलाची एक कमान पुरात गेली होती.

"दगड मी रचतो. पण खाली टेकायला लाकडी कमान लागते ने! तुमचे आजोबा घोड्यावर बसायचे, तुम्ही लाकडाचा घोडा करा."

घोडा उभा राहिला. त्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी पाचरीसारखे दगड चढत गेले. शेवटचा दगड मधोमध ठोकून बसवला आणि चुना सुकायला तीन आठवडे दिले.

त्या आठवड्यांत फत्तेसिंहरावांनी पत्नी रखमाबाईंसाठी फळी कापली. ती कोनाड्यात जाईना. त्यांनी हातातली पट्टी पाहिली. ती कारखान्यातली, आकसाची होती. कमानीची रुंदी जागेवर काठी लावून घेतली होती; चार फुटांची उंची मात्र नकाशावरून, सवयीने, याच पट्टीने. चार सूत. अर्धा इंच जास्त. नवी कमान शेजारच्या दोन जुन्या कमानींपेक्षा कुबड काढून उभी राहणार होती, आणि उतरवायला गेलं तर घडवलेले दगड फुटणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सायकल काढून त्यांनी गोविंदरावांना सगळं सांगितलं.

"उंटाची पाठ केलीत म्हणा की," गोविंदराव म्हणाले. "तीन आठवडे भरू देत. घोड्याखालच्या पाचरी सोडू, मग बघू."

"पडली तर?"

"मी खालीच असतो. बांधणाऱ्याने खालीच उभं राहायचं असतं."

तीन आठवडे भरले त्या दिवशी फत्तेसिंहरावही खाली शिरले. खांबांखालच्या पाचरी दोघांनी समोरासमोर, एकेक टोला देत ढिल्या केल्या. लाकूड करकरलं. दगडांतून भुरभुर चुना डोक्यावर पडला. मग लाकूड आणि दगड यांच्यामध्ये एक उजेडाची रेघ उघडली. वर शेकडो मण वजन होतं आणि त्याला खालून कुणीच धरलं नव्हतं. प्रत्येक दगड पडायला बघत होता, आणि म्हणूनच एकही पडत नव्हता. फत्तेसिंहरावांनी रेघेत बोटं घातली.

गोविंदरावांनी जुन्या कमानींवरून दोरी ताणली. ती नव्या कमानीच्या माथ्याला नुसती चाटून गेली.

"दगडसुद्धा आकसतो?" फत्तेसिंहरावांनी हळूच विचारलं.

"आकसत नाही. भार आला की सांध्यांतला चुना दबतो. किती, ते मलाही आधी सांगता येत नाही."

फत्तेसिंहराव घरी आल्यावर रखमाबाईंनी दारातच विचारलं, "काय झालं?"

"बसली."

रखमाबाईंच्या हातातलं भांडं निसटलं. "अगंबाई! पडली?"

"नाही गं. जागेवर बसली," ते म्हणाले, आणि चुन्याने पांढरी झालेली बोटं धुवायची सोडून बघत राहिले.