घमेल्यातलं गाणं आणि माझ्या टेबलावरचा अंगठा

अन्याय झाला तो डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला भातशेती करणाऱ्या एका बाईवर. कधी झाला? वैशाखातल्या एका शुक्रवारी, दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी. कुठे झाला? आंबेगाव तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यात, माझ्या टेबलावर. वेळ इतकी नेमकी सांगता येते कारण स्टेशन डायरीत ती माझ्याच अक्षरात आहे. नोकरीतली बाकीची प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र तसंच्या तसं समोर उभं राहतं.

मी तेव्हा उपनिरीक्षक होते. आज नाही. वय चौतीस, त्यामुळे 'निवृत्त पोलीस अधिकारी' म्हटलं की लोक हसतात. हसू देत. मी राजीनामा दिला आणि आता गावोगाव ही पत्रकं वाटते. का दिला, ते पुढे येईलच.

गाणं तुम्ही ऐकलेलं आहे. त्या उन्हाळ्यात जुन्नर-आंबेगावात अशी एक हळद झाली नाही जिथे ते डीजेवर वाजलं नाही. मुंबईची मोठी पॉपस्टार आणि जुन्नरकडचा एक रॅपर, दोघांनी मिळून केलेलं. तिचं नाव मोठ्या अक्षरात, त्याचं खाली बारीक. व्हिडिओ डिंभ्याच्या पाण्यावर काढलेला. ती होडीत उभी, हा काठावर, मागे वाळत घातलेली जाळी. शूटिंगच्या बंदोबस्ताला मी स्वतः होते. आमच्या साहेबांनी तिच्याबरोबर फोटो काढून घेतला, तो काढला मीच. गाण्याची सगळी गंमत ठेक्यात होती. छपाक, छपाक, आणि मग एक बारीक टिण्ण. रॅपर मुलाखतींत सांगायचा, हा आवाज मी कॉम्प्युटरवर रात्रंदिवस बसून बनवला. पॉपस्टार सांगायची, चाल मला धरणाच्या काठी सुचली.

मग गाण्याच्या कंपनीचा माणूस ठाण्यात आला. कडक इस्त्री, प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये टाइप केलेला तक्रार अर्ज, प्रत्येक पानाला नंबर. अर्जाचा मतलब असा: वरच्या वाडीतली एक तरुणी आम्हाला फोन करते, 'गाणं माझ्या आईचं आहे, तिचं नाव लावा, नाहीतर सगळ्यांना सांगेन' असं धमकावते. ही खंडणी आहे, गुन्हा दाखल करा.

अशा गुन्ह्यात नोंद करण्याआधी वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. अर्ज माझ्याकडे आला. आणि मी संशय घेतला तो मुलीवर. का? तिच्याकडे फाइल नव्हती म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं, उगाच सजवून सांगत नाही.

ती मुलगी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून निवडली गेली होती. तिच्या चारित्र्य पडताळणीचा फॉर्म आमच्याच ठाण्याच्या कपाटात पडून होता. गुन्हा दाखल झाला की फॉर्मवर शेरा, आणि शेरा पडला की नोकरी गेली. हे मला माहीत होतं. कंपनीच्या माणसालाही माहीत होतं. फॉर्मची गोष्ट ठाण्याबाहेर कुणी नेली, हे मला आजही सिद्ध करता येत नाही. संशय आहे. तो मी गिळणार नाही.

साक्षीदार बाईचा जबाब तिच्या राहत्या घरी जाऊन घ्यायचा, असा कायदा आहे. मी काय केलं? शिपायाकडून निरोप धाडला, आईला घेऊन ये. त्या दिवशी एसटी आलीच नाही. मायलेकी पिकअपमध्ये उभ्या राहून आल्या. अकराला पोचल्या, तीनपर्यंत मी त्यांना बाकावर बसवून ठेवलं. ही आमची जुनी पद्धत. बसवून ठेवलं की माणूस आपोआप मऊ पडतो.

"गाणं तुझं कशावरून?" मी विचारलं. तुझं! माझ्या आईच्या वयाच्या बाईला.

"आवणीचं हाये मॅडम. भाताची रोपं लावताना म्हनतो आमी. चार वळी माझ्या सासूच्या, बाकीच्या म्या जोडल्यात."

"म्हणजे पारंपरिक."

"ते काय असतंय?"

"म्हणजे कुणाचंच नाही."

"आसं कसं वो? म्हातारीनं लावलेला दारचा आंबा बी कुणाचाच न्हाई का मंग?"

मुलगी मध्ये बोलली, "मॅडम, मी फोनवर फक्त नाव मागितलं. तो रॅपर पौषात आमच्या घरी आला होता. नाचणीची भाकरी खाऊन गेला. आईचं गाणं मोबाइलवर घेतलं त्याने."

"विचारलं की बोलायचं," मी तिला गप्प केलं.

शेजारच्या खुर्चीत बसलेल्या कंपनीच्या माणसाने मग एक कागद पुढे सरकवला. 'सदर गीत पारंपरिक असून त्यावर माझा कोणताही हक्क नाही.' याच्यावर अंगठा द्या, मी अर्ज मागे घेतो, मुलीच्या फॉर्मवर उगाच शेरा नको, सगळ्यांचं भलं होईल, असं तो फार गोड आवाजात म्हणाला.

आईने एकच विचारलं, "मंग हिची नोकरी?"

"तिला धक्का नाही."

मुलगी ताडकन उठली. "आई, द्यायचा नाही अंगठा!"

"गप गं. गानं काय, दुसरं म्हनीन. नोकरी दुसरी कुठनं आनू?"

आणि तिने अंगठा दिला. स्टॅम्प पॅड माझं. साक्षीदार म्हणून खाली सही माझी. कागद तिला वाचून दाखवणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. मला वाटलं, मिटलं एकदाचं.

अर्ज मागे घेतल्याचं पत्र सोमवारी आणतो, वरून सही लागते, असं सांगून तो माणूस गाडीत बसला. मी चहा मागवला. पहिला घोट घेतला आणि डोक्यात खटकलं. ज्या बाईचं काही घेतलेलंच नाही, तिच्याकडून 'माझा हक्क नाही' असं लिहून कोण घेतं? रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही थांबवून आपण असा कागद करतो का? ज्याच्या घरात चोरीचा माल असतो, त्यालाच पावती लागते. हे मला चोऱ्यांच्या तपासात रोज दिसायचं. माझ्याच टेबलावर दिसलं नाही.

पत्र येईपर्यंत अर्ज चौकशीवर होता, म्हणजे चौकशी माझीच होती. हातात दोन दिवस होते.

शनिवारी बाजारपेठेतल्या एका दुकानात गेले होते, दुसऱ्याच चोरीचं सीसीटीव्ही बघायला. लोखंडी सामान आणि भांड्यांचं दुकान. शेठ जैन, आजोबा राजस्थानातून आलेले, पण हे इथेच जन्मून इथेच पिकलेले. समोरच्या सलूनमध्ये तेच गाणं लागलं होतं. शेठनी कपाळावर हात मारला.

"मॅडम, तेवढं बंद करायला सांगा राव. त्या पोराची आठवण झाली की डोकं फिरतं माझं."

"कोणत्या पोराची?"

"ह्याच्याच, रॅपरच्या. थंडीत आला व्हता. दुकानातली समदी घमेली खाली उतरवली. पाणी मागितलं. येकेका घमेल्यात पाणी ओतून उभा राहून नाचतोय! माझं गिऱ्हाईक बाहेर, हा आत नाचतोय. म्हटलं, भाऊ, घमेलं घ्यायचंय का आंघोळ करायची? म्हणतो, शेठ, टिण्ण येत न्हाई. त्या मावशीच्या घमेल्यात येतं तसं टिण्ण पाहिजे."

"कोण मावशी?"

"डिंभ्याच्या वरची, म्हणाला. घेतलं येक बी न्हाई. समदी पुसून मला ठेवावी लागली."

कॉम्प्युटरवर बनवलेला आवाज दुकानात शोधावा लागत नाही. शेठचा जबाब मी तिथेच, त्यांच्या गल्ल्यावर बसून लिहिला.

रविवारी दोन पंच आणि महिला हवालदार घेऊन मी वाडीवर गेले. यावेळी मी गेले, त्यांना बोलावलं नाही. रोपं टाकायच्या जागी राब भाजून झाले होते, खाचरं कोरडी ठणठणीत. बाई अंगण सारवत होती. मी म्हणाले, "मावशी, ते गाणं एकदा म्हणून दाखवता का?"

तिने वर पाहिलंसुद्धा नाही. "अंगठा दिला न्हवं? आता गानं तुमचं. तुमीच म्हना."

मी जे झालं ते कबूल केलं. चुकलं म्हणाले. खाकी अंगावर असताना हा शब्द मी त्याआधी कधी उच्चारला नव्हता. तरी ती उठेना. "म्हनलं तर अजून येक गुन्हा लावाल. त्यापरीस गप बरी." शेवटी मुलीने आत जाऊन घमेलं आणलं, विसळलं, हंड्यातलं पाणी ओतलं आणि आईच्या पायाशी ठेवलं.

मी विचारलं, "हे कशाला?"

"आवणीचं गानं कोरड्या पायानं म्हनत न्हाईत," बाई म्हणाली. "आमच्या घरची रीत हाये. चिखलात पाय पायजे, नायतर पान्यात. त्या पावण्याला बी तेच सांगितलं. पौषात खाचरात पानी कुठलं? मंग घमेल्यात हुबी राह्यले."

ती घमेल्यात उभी राहिली. रोप लावताना एकेक पाऊल मागे टाकतात, तसे पाय जागच्या जागी उचलू लागली. छपाक, छपाक. आणि डावा पाय टेकला की टिण्ण. हवालदारीणबाईंनी माझ्या हाताला चिमटा काढला. एक पंच तर "आयला, हेच की!" म्हणून मोकळा झाला.

घमेलं उलटं करून पाहिलं. तळ गळायला लागला म्हणून नवऱ्याने पत्र्याचा तुकडा बसवलेला, दोन रिबिटा मारलेल्या, त्यातली एक ढिली. पंचनाम्यात तसंच लिहिलं. घमेलं ताब्यात घेतलं तेव्हा मात्र बाई कडाडली, "न्या! गानं नेलं, घमेलं बी न्या. शेन कशात भरू, ते पन लिहा त्या कागदात!" महिला हवालदाराने शेजारून दुसरं मागून दिलं, तेव्हा आम्हाला वाट मिळाली.

सोमवारी, ते पत्र यायच्या आत, रॅपरला बोलावलं. गॉगल कपाळावर, बरोबर दोन मित्र. मित्रांना बाहेर बसवलं.

"मॅडम, बीट माझा हाये. सॉफ्टवेअर दाखवू?"

मी मुद्देमालाचं कपाट उघडलं. घमेलं फरशीवर ठेवलं, बादलीतून पाणी ओतलं, बूट काढून त्यात पाय ठेवला आणि टेकवला. टिण्ण. तो खुर्चीतच बारीक झाला.

"शेठच्या दुकानात काय शोधत होतास?"

त्याने गॉगल काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "मॅडम, लई टायम ट्राय केलं. सेम येईना. मंग मोबाइलचंच रेकॉर्डिंग लावलं. कंपनीनं विचारलं आवाज कुणाचा, मी बोललो पारंपरिक. ते म्हणले बेस्ट, पारंपरिकला कुणी विचारत नाय. माझं नाव बी त्यांनी बारीकच टाकलंय ना..."

"तुझं बारीक का होईना, आहे. तिचं?"

त्याने फोन काढून माझ्यापुढे ठेवला. मूळ रेकॉर्डिंग त्याच्या फोनमध्ये होतंच, बावळटाने पुसलं नव्हतं. पंचांसमोर ते शेवटपर्यंत ऐकलं. गाणं संपतं, पाणी हलायचं थांबतं आणि बाईचा आवाज येतो, "पावणं, तिथं माझं नाव सांगाल न्हवं?" त्यावर ह्याचा आवाज, हसत, "सांगतो की मावशी! तुमचं नाय तर कुणाचं?"

तो रडायला लागला. मला त्याची दया आली नाही, अजून येत नाही.

मुलीने नाव मागितलं, म्हणजे दिलेला शब्द मागितला. ही खंडणी नव्हे. मी तसा अहवाल दिला, अर्ज निकाली निघाला, पडताळणीचा फॉर्म शेऱ्याविना गेला. मुलगी आज नोकरीवर आहे. इथे थांबले असते तर पदकाचीही शिफारस झाली असती.

पण तो अंगठ्याचा कागद? तो कंपनीकडेच आहे. त्यांचा वकील म्हणतो, अंगठा खरा, साक्षीदार खुद्द पोलीस अधिकारी, अजून काय हवं? म्हणून मी प्रतिज्ञापत्र दिलं: कागद वाचून दाखवला नव्हता, मुलीच्या नोकरीची भीती घालून अंगठा घेतला, आणि हे सगळं माझ्यासमोर, माझ्या मदतीने झालं. ते देताच माझ्यावर खात्याची चौकशी लागली. साहेब म्हणाले, "कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस?" मी राजीनामा टेबलावर ठेवला. दावा कोर्टात आहे, तारखा पडताहेत आणि गाण्याखाली अजून 'पारंपरिक' असंच दिसतं.

मी काय शिकले? संशय घ्यायला आम्हाला शिकवतात, पण तो कुणावर घ्यायचा हे आम्ही कपड्यांवरून ठरवतो. चिखलाच्या पायांवर लगेच येतो, फाइलवर येत नाही. 'पारंपरिक' हा शब्द मी आता कुठेही वाचला की आधी विचारते, यामागे कोणती बाई उभी आहे आणि तिला कुणी बाजूला केलं.

तिचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. माझ्या पत्रकात छापून यावं म्हणून तिने ते मागितलं नव्हतं. तिने ते गाण्याखाली मागितलं होतं, आणि ते तिथेच लागलं पाहिजे. हे मी एकटी करू शकत नाही, तुम्ही करू शकता. गाणं तुमच्या फोनमध्ये आहे. आत्ता उघडा आणि त्याखाली लिहा, 'गाणारीचं नाव लावा.' पुसून टाकलं तर पुन्हा लिहा. घरच्या हळदीला डीजेवाल्याने हे गाणं लावलं तर जाऊन ते बंद करा, आणि नवरदेव रुसला तर रुसू द्या. नाव लागेपर्यंत हे गाणं वाजवू नका.