सज्ज्याजवळचा हान्स

जर्मनीतल्या फ्रांकोनिया भागातल्या आमच्या गावात वाल्बुर्गा झ्योलर शिवणकाम करायची. झ्योलर म्हणजे वरच्या मजल्याचा उघडा सज्जा. हा शब्द मूळचा रोमन लोकांचा, ऊन खायच्या जागेचा. तिच्या घराला तसा लाकडी सज्जा होता, रस्त्यावर पुढे आलेला. तिथे ती सफरचंदाच्या फोडी वाळवायची.

निवृत्त शाळामास्तर ओटमार गावाचा इतिहास लिहीत होते. सहा वर्षं दर रविवारी तिच्याकडे कॉफी आणि आलुबुखारचा केक. तिने पेटीतलं घराचं १६१२ सालचं खरेदीपत्र त्यांच्या हवाली केलं. जुनी लिपी तिला येत नव्हती. मास्तरांनीच एका ओळीवर तिचं बोट फिरवून वाचून दाखवलं होतं: "हान्स आम झ्योलर. सज्ज्याजवळचा हान्स. बघ वाल्ली, आधी सज्जा, मग तुमचं आडनाव!"

एकोणीसशे एकाहत्तरमध्ये गावच्या परिषदेने बससाठी रस्ता रुंद करायचं ठरवलं. सज्जा आड येत होता. तो त्या पत्राइतका जुना ठरला असता, तर कायद्याने त्याला हात लागला नसता. गावाच्या सभेत सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी पत्र उघडलं.

"हान्स झ्योलर," ते म्हणाले. "नुसतं आडनाव आहे. सज्ज्याचा उल्लेख नाही."

वाल्बुर्गा उभी राहिली. "मास्तर, मधला शब्द खाल्लात. 'आम' आहे तिथे."

"तुला ही लिपी वाचता येते का?"

"तुम्हीच शिकवलीत ना ती ओळ!"

"बाईसाहेब, सुईत दोरा ओवण्याइतकं सोपं नसतं ते," मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. हसणाऱ्यांत मीही होते, खोटं कशाला बोलू? हात वर झाले. पंधरा दिवसांत सज्जा उतरवला. वाल्बुर्गा खिडकी बंद करून शिलाई मशीन चालवत बसली. आवाज रस्त्यापर्यंत येत होता.

पुढच्या रविवारी मास्तर केकसाठी आले. तिने दार उघडलं, पत्रासाठी हात पुढे केला, ते घेतलं आणि दार लावलं.

वर्षभराने मास्तरांचं पुस्तक आलं, गावच्या परिषदेच्या खर्चाने. एक प्रत वाल्बुर्गाला, सही करून. चाळिसाव्या पानावर लिहिलं होतं: 'हान्स आम झ्योलर. या सज्ज्यावरूनच घराण्याला नाव मिळालं.' खाली तिचे आभार.

शनिवारी माझ्या मांसाच्या दुकानात गर्दी होती. ती पुस्तक घेऊन आली. मास्तर रांगेत पुढेच उभे होते.

"मास्तर, सभेत हा शब्द नव्हता. छापखान्यात उगवला का?"

"वाल्ली, तेव्हा परिषदेला दुखवलं असतं तर पुस्तकच निघालं नसतं गं."

"मग सहा वर्षं माझ्याकडे कशाला येत होतात? पत्रासाठी?"

 मी सॉसेजचा पुडा पुढे केला, तो तसाच ठेवून मास्तर बाहेर पडले.

वाल्बुर्गा माझ्याकडे वळून म्हणाली, "अर्धा किलो डुकराचं, चरबी काढून."

मी सुऱ्याने चरबी काढू लागले. मी म्हटलं, "त्या दिवशी मीही हसले होते."

"मी पाहिलं होतं," ती म्हणाली. "चरबी राहिलीय बघ तिकडे."