झरीचा साग

सागाचं कोवळं पान चोळलं की बोटं लाल होतात, आणि मला झरी गावातलं ते अंगण आठवतं. तेव्हा आम्ही निरनिराळ्या सागांचं बी गोळा करून गंजाडला आमच्या संशोधन केंद्राच्या जागेत रोपं लावली होती. कमी पाण्यातही कुठल्या झाडाची रोपं जोमानं वाढतात, आणि हा गुण बियांतून उतरतो का, हे पाहायचं होतं. झरीच्या एका मावशींच्या दारातल्या सागाची रोपं सगळ्यांत उंच झाली. ही बातमी सांगायला आणि आणखी बी आणायला मी हसतच गेले. दारात साग नव्हता, काळा पडलेला बुंधा होता. “परतीच्या पावसात वीज पडली गं,” मावशी म्हणाल्या, “तुझे काका त्याच्याच आडोशाला उभे होते.” मी तशीच ओसरीवर बसले. अंगणात वाळत घातलेल्या भाताचा वास येत होता. मग त्यांनीच विचारलं, “त्याची रोपं जगली ना? पाणी देता ना?” “कमीच देतो, मावशी. प्रयोगच तसा आहे.” “आता पोटभर द्या.” प्रयोग मोडणार होता, तरी मी हो म्हणाले, आणि दिलंही. ती झाडं आता घराहून उंच झालीत. कितीदा बोलावलं, पण मावशी पाहायला आल्या नाहीत.