तोंड दाखवून बोला

आमच्या नायगावच्या बाजारात असं एकच दुकान होतं, जिथं गिऱ्हाइकाला आधी तोंडातलं पान थुंकून यावं लागे. ते दुकान टेलरमामांचं. पत्र्याची एक खोली, पायानं चालवायची मशीन, खिळ्यांना टांगलेल्या लोकांच्या विजारी, आणि दारात मामांचा आडवा हात. "आधी थुंक. मंग तोंड दाखवून बोल." गुटखावाल्यांना हा नियम, तंबाखूवाल्यांना हा नियम, आणि ज्याची मिशी ओठांवर उतरली असेल त्याला तर मामा काही न बोलता समोरच्या सलूनकडे बोट दाखवत. एकदा एक फौजदारही मुकाट्यानं मिशी कोरून आले होते म्हणे. मी पाहिलेलं नाही, पण मामांना ओळखणाऱ्या कुणालाही ते खोटं वाटत नसे.

मामा ठार बहिरे होते. दुसरीत असताना ताप आला, तो उतरला आणि जाताना कान घेऊन गेला. तोवर बोलायला शिकून झालं होतं, म्हणून बोलणं राहिलं. पण स्वतःचा आवाज स्वतःला येत नसल्यामुळं तो नेहमी एकाच पट्टीत, आणि ती पट्टी फार वरची. मामांनी कानात सांगितलेलं गुपित बसस्टँडपर्यंत ऐकू जाई. मापं घेताना मामीला हळूच म्हणून सांगत, "ही बाई औंदा लई सुटली हाय," आणि ती बाई तिथंच उभी असे. तरी गिऱ्हाईक तुटत नसे, कारण ब्लाऊज अंगाला चिकटल्यासारखा बसायचा, आणि मामांच्या मनात काय आहे हे सगळ्यांना नेहमी आधीच कळलेलं असायचं.

ते ओठ वाचत. रस्त्यापलीकडून दोघं जण काय बोलत आहेत ते इकडं मशीनवर बसून सांगत. आम्हां मुलींना याचा फार त्रास झाला. कॉलेजातून येताना मैत्रिणीशी कुणाबद्दल काय बोलावं याची चोरी. मी तर दुकानासमोरून जाताना वहीआड तोंड धरून बोलायची. मामा मशीन थांबवून ओरडत, "वही खाली घे, मला समदं कळून राहिलंय." काही कळत नसे त्यांना, पण आम्ही घाबरायचो.

मात्र एक अडचण त्यांची जन्मभर सुटली नाही. प, ब आणि म. आरशात बघून म्हणून पाहा, ओठ तिन्हींना सारखेच मिटतात. मामांना मामा म्हणा, बाबा म्हणा, ते एकच. एकदा एकादशीला एक गिऱ्हाईक सकाळी दारात येऊन म्हणालं, "मामा, बटण लावलं का?" मामा खवळले. "एकादशीला मटण कुणाच्या घरी शिजतं? शरम हाय का न्हाई?" मागं भाजी निवडत बसलेली मामी हसून हसून लोळायची बाकी राहिली.

यावर तोडगा मामीनंच काढला होता, लग्नानंतर लगेच. म म्हणताना नाक वाजतं, म्हणून म आला की ती नाकाच्या शेंड्याला बोट लावायची. प आला की गाल फुगवायची. आणि ब असला की काही नाही, हात खाली. चाळीस वर्षं ती अशी बोलत आली. तिचं बोट इतक्या चटकन नाकाला लागून परत यायचं की नवख्याला वाटे, बाईला सर्दी झाली आहे. पुढं पुढं सगळी गल्लीच मामांशी बोलताना नाकाला बोट लावायला लागली. मामी म्हणायची, "मी त्यांचे कान न्हाई. मी निस्तं नाक हाय."

मी शिकून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, तीही गावातच, तेव्हापासून मामा मला मास्तरीणबाई म्हणू लागले. कौतुक आणि चिडवणं अर्धं अर्धं. कोरोना आला, शाळा बंद झाल्या आणि आम्हां शिक्षकांना घरोघर फिरून ताप मोजायची ड्यूटी लागली. मास्क मिळेनात. तेव्हा मला वाटलं, मामांचं दुकान बंद पडलंय, त्यांनाच शिवायला सांगावं. मीच गेले. मापं मीच काढून दिली, नाकावर कुठं चुणी हवी तेही मीच सांगितलं. मामा खूश. मामी कापून द्यायची, मामा शिवायचे, सुताचे पांढरे मास्क दोरीवर वाळत घातलेले असायचे. आठवड्याभरात अर्ध्या गावाच्या तोंडावर मामांच्या हातची शिलाई होती.

काय करून बसलो ते आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. मामांच्या आलं तेव्हा उशीर झाला होता. ते बाहेर आले, आणि बाजारात कुणाला तोंडच नव्हतं.

पहिले काही दिवस ते लोकांना दरडावत, "खाली घे, तोंड दाखव." पण आता लोक घाबरून मागं सरकायचे. पोलिसानं एकदा काठी उगारली. मग मामा दुकानाच्या पायरीवर बसून नुसते डोळे बघायला लागले. डोळ्यांत त्यांना भलतंच काही दिसे. कुणी हसलं की ते आपल्यालाच हसलं, दोघं बोलत उभे राहिले की विषय आपलाच. "माझ्यावरच बोलून राहिलेत," ते मामीला म्हणायचे, आणि ते अख्ख्या बाजाराला ऐकू जायचं. ज्या माणसानं आयुष्यभर कुणाचं वाईट मनात ठेवलं नाही, ठेवताच आलं नाही, तो माणूस संशयानं काळवंडला. मग पायरीवर येणंही थांबलं. दुकानाचं दार बंद झालं आणि त्या दारावर कुणीतरी सरकारी पत्रक चिकटवून गेलं, मनावर ताण आला असेल तर या नंबरवर फोन करा. त्या पत्रकावर मी चिडले होते हे आठवतं. ते फाडायचं मात्र मला सुचलं नाही.

घरात मामीचं तोंड उघडं होतं. तेवढ्यावर ते तगून होते. सकाळपासून रात्रीपर्यंत एकच चेहरा, पण पुरायचा. मामी मला खिडकीतून म्हणाली, "दिवसभर बोलून राहिले मी, जबडा दुखायलाय. थांबले की त्यांचा जीव खालीवर होतो."

दुसऱ्या लाटेत मामीला ताप आला. ती दवाखान्यात जायला तयार नव्हती. "मला हितंच ठेवा, मी बरी होते," असं ती म्हणत होती, आणि मामा ऐकायला तयार नव्हते. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा तिनं दाराची चौकट धरली होती. मामांनी स्वतःच्या हातानं तिची बोटं सोडवली. नांदेडला तिला नेलं, सोबत कुणाला जाऊ देईनात, आणि त्यांची मुलगी रेणापूरला स्वतःच्या घरात तापानं पडलेली. उरले मी आणि माझा मोबाइल.

तिसऱ्या दिवशी वॉर्डातल्या एका नर्सबाईंनी व्हिडिओ कॉल लावून दिला. मी आणि मामा दुकानाच्या पायरीवर बसून बघत होतो. मामीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मामा फोनवर ओरडले, "तोंड दाखव." नर्सबाईंना पाणी पाजायचंच होतं, त्यांनी मास्क जरा खाली केला. मामीनं एक घोट घेतला, इकडं बघितलं आणि तीन शब्द बोलली. मागं यंत्रांचा आवाज, कुणाचं तरी खोकणं, तिला स्वतःचा आवाज असा नव्हताच. मला काही ऐकू आलं नाही. मग चित्र गोठलं आणि कॉल कटला.

दुसऱ्या दिवशी मामी गेली. नांदेडलाच सगळं उरकलं. लांबून दाखवलं त्यांनी, गुंडाळलेलं. मामा दोरीपलीकडं उभे राहून एकाच पट्टीत म्हणत होते, "तोंड दाखवा. एकडाव तोंड दाखवा." ते कामगारही बिचारे घामानं निथळत होते, त्यांना नियम होता. मी मामांचा हात धरून उभी होते आणि मला जमिनीकडं बघण्यावाचून दुसरं काही करता आलं नाही.

त्यानंतर मामांनी मला जो प्रश्न विचारला, तो कित्येक महिने विचारला. "हितं बरं हाय म्हणली, का हितं मरण हाय म्हणली?"

ओठांवर दोन्ही सारखंच. ब आणि म एक, आणि शेवटचा ण तर तोंडाच्या आतच राहतो, तो मामांना आयुष्यात कधी दिसला नव्हता. एरवी बोट नाकाला गेलं असतं तर प्रश्नच नव्हता, पण तिचा एक हात सलाईनसाठी पट्टीला बांधलेला होता आणि दुसरा चित्रात नव्हता. बरं हाय म्हणाली असेल तर ठीक. मरण हाय म्हणाली असेल तर चौकटीवरून तिची बोटं सोडवून त्या मरणात तिला ढकलणारे आपण. मामा दुसरा कसलाच विचार करत नव्हते. जेवण तुटलं, झोप तुटली. आंघोळीला सांगावं लागे. मुलगी बरी होऊन आली, तीही मास्क लावूनच, रेणापूरला चला म्हणाली, तर तिच्याकडं पाठ करून बसले. तिनं नांदेडला एका मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. ते भले होते, पण मास्क लावून बोलले. मामांनी प्रत्येक वाक्याला "हाव, हाव" केलं आणि गोळ्या घेऊन परत आले. मास्क काढा असं डॉक्टरांना सांगायचं कसं, म्हणून लेक गप्प बसली.

आणि मी काय केलं? मी मास्क लावून जात राहिले. मामा विचारायचे, "तू ऐकलंस ना? तुला तर कान हायत." मी मास्कच्या आत काहीतरी पुटपुटायची, डबा ठेवायची आणि निघायची. काळजी म्हणून मास्क लावते असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर मला त्याची सोय झाली होती. मला ऐकू आलं नव्हतं हे सांगायची हिंमत नव्हती आणि खोटं बोलावं तर ज्यानं अख्खा जन्म चेहरे वाचण्यात घालवला त्याच्यासमोर बोलायचं होतं.

एके दिवशी दुपारी गेले तर मामांनी मशीन खोलीच्या मध्यावर ओढून ठेवली होती. भंगारवाल्याला बोलावलंय म्हणाले. मी डबा ठेवून वळले, तर मामांनी दारात हात आडवा घातला. तोच हात, गुटखावाल्यांना अडवणारा. आवाज मात्र खाली आलेला. इतक्या खालच्या आवाजात मामा बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं.

"मास्तरीणबाई, मास्क काढ. तोंड दाखवून बोल. ती काय म्हणली?"

मी परत आत येऊन त्यांच्यासमोर बसले आणि मास्क काढला. कित्येक महिन्यांत त्यांच्यासमोर कुणाचं तोंड उघडं झालं नव्हतं. मामा माझ्या ओठांकडं असे बघत राहिले की मला रडू फुटेल असं वाटलं. मी रडले असते तर संपलंच होतं.

"हितं बरं हाय, म्हणली," मी म्हणाले.

मामा म्हणाले, "तुझंबी तसंच दिसतंय. ब का म?"

मी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि पुन्हा म्हणाले, "बरं हाय." उजव्या हाताला डाव्या हातानं दाबून धरलं होतं. इतक्या वर्षांची सवय, ओठ मिटले की बोट आपोआप वर जायला बघतं. मामा माझ्या तोंडाकडं बघत नव्हतेच आता, ते माझ्या हाताकडं बघत होते. फार वेळ बघत होते.

"हाव," ते शेवटी म्हणाले. "हात खालीच हाय."

त्यांनी ओळखलं की नाही, मला आजवर सांगता येत नाही. त्यांनी फक्त मशीनवर हात फिरवला, पेटीतून तेलाची बुधली काढली आणि म्हणाले, "हे समदं जाम झालंय. भंगारवाला आला तर न्हाई म्हणून सांग." मग डबा उघडून जेवायला बसले. मी मास्क परत लावला नाही, समोर बसून ते जेवेपर्यंत वाट्टेल ते बोलत राहिले. शाळेचं, पावसाचं, कुणाच्या लग्नाचं. माझा जबडा दुखायला लागला तेव्हा मला मामीची फार आठवण आली.

पुढं मामा मशीन घेऊन लेकीकडं रेणापूरला गेले. तिथंही गिऱ्हाइकांना थुंकायला लावतात असं लेक फोनवर सांगायची. गेल्या वर्षी ते गेले. मी पोचले तेव्हा त्यांना अंगणात ठेवलं होतं. तोंड उघडं होतं. सगळ्यांनी जवळ बसून बघून घेतलं, मीही घेतलं.

माझ्याकडं आता पहिलीचा वर्ग आहे. आमची मुलं म म्हणताना नाकाच्या शेंड्याला बोट लावतात. परवा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "ही कुठली पद्धत?" मी म्हणाले, "आमच्या गल्लीची." त्यांनी फळ्यावर ब लिहिला आणि मुलांना म्हणाले, "याला काय करायचं?"

सगळ्या वर्गानं हात मांडीवर ठेवले.