विलिमाइनाचं मीठ आणि दुसरी वाटी

आमच्या बेटावरच्या वुनितोंगो गावात विलिमाइनाइतकी चौकस बाई दुसरी नाही. तिची आई म्हणायची, "हिच्या पानात मासा वाढला, तर ही आधी काटे कुठून आले ते विचारेल."

मीठ काढणं हे तिच्या माहेरचं पिढीजात काम. खारफुटीमागची खारट माती खरवडायची, विणलेल्या टोपलीत भरायची, वरून समुद्राचं पाणी ओतायचं आणि खाली ठिबकणारं दाट खारं पाणी मडक्यात आटवायचं. मीठ पानांत बांधून चुलीवर टांगलं की झालं. पावसाळी हवेत त्या पुड्यांना पाणी सुटायचं. हे पाणी येतं कुठून, हा प्रश्न तिचा लहानपणापासून सगळ्यांना विचारून झाला होता. "येतं कुठून तरी," एवढंच उत्तर मिळायचं.

नवरा अपिसाई मात्र कशालाही 'का' न विचारणारा. तो रातूंचा, म्हणजे गावप्रमुखांचा, मानकरी. रातूंच्या वतीने चारचौघांत बोलणं त्याचं काम, आणि यांगोनाची, म्हणजे मुळं कुटून पाण्यात कालवलेल्या मानाच्या पेयाची, पहिली वाटी रातूंनी घेतली की दुसरी त्याची. ती एका दमात संपवायची. अर्धी वाटी हवी असेल तर आमच्याकडे 'ओहोटी' म्हणतात, काठोकाठ हवी असेल तर 'भरती'. अपिसाईने जन्मात ओहोटी मागितली नव्हती.

त्याचे पाय सुजायला लागले, लघवी कमी झाली, तेव्हा जाणते म्हणाले, यांगोना मूत्रपिंडं धुऊन काढते, दोन वाट्या जास्त घे. त्याने चार घेतल्या. शहरातल्या डॉक्टरांकडे पोचला तोवर दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली होती. आता आठवड्यातून तीनदा बसने लौटोका शहरातल्या इस्पितळात जायचं आणि डायलिसिसच्या यंत्राला जोडून घ्यायचं.

अपिसाई तिथे भिंतीकडे तोंड करून पडायचा. विलिमाइना मात्र नर्स लछमीच्या मागे लागायची.

"हे यंत्र म्हणजे माझी टोपलीच की गं. गाळतंय नुसतं."

"गाळणं सोपं असतं, मावशी," लछमी हसली. "खरं मूत्रपिंड रक्तातलं पाणी, मीठ, साखर, कचरा, सगळंच आधी गाळून काढतं. घर झाडताना आपण सामान अंगणात काढतो ना, तसं. मग लाखो बारीक वाकड्या नळ्या असतात, त्या हवं तेवढं परत आत घेतात."

"पाणी आत कसं घेतात? त्याला काय दांडी असते धरायला?"

"पाण्याला कुणीच धरत नाही. नळ्या मीठ हलवतात. मूत्रपिंडाच्या पोटात त्यांनी खूप खारट जागा करून ठेवलेली असते. नळी तिथून गेली की पाणी मिठाकडे ओढलं जातं आणि परत रक्तात येतं. अंगात पाणी कमी असलं तर जास्त ओढायचं, जास्त असलं तर सोडून द्यायचं."

विलिमाइनाला मिठाच्या पुड्या आठवल्या. चुलीवरच्या पुड्यांना सुटणारं पाणी हवेतून येत होतं, मीठ ते ओढत होतं. चाळीस वर्षांनी उत्तर मिळालं म्हणून तिला आधी लहान पोरीसारखा आनंद झाला. मग तिची नजर अपिसाईच्या सुजलेल्या पायांवर गेली. त्या पायांतलं पाणी तिच्याच मिठाने धरून ठेवलं होतं. त्याला लागणारी तहानही त्या मिठामुळेच.

त्या दिवसापासून मीठवालीच्या घरात अळणी शिजायला लागलं. लिंबू, मिरची, बस्स.

"कोळ्याच्या घरी उपास तसं झालं हे," अपिसाई तोंड वाकडं करून म्हणाला. पण हळूहळू त्याची तहान कमी झाली, पायांवर चप्पल मावायला लागली. का, ते त्याने विचारलं नाही.

आणि मग नव्या रातूंच्या गादीवर बसण्याचा दिवस ठरला. यांगोना वाढायचा मान विलिमाइनाच्या भावाला, एरोनीला. मेहुण्याने चिडवलं नाही तर तो रागावलाय असं आमच्याकडे समजतात, त्यामुळे एरोनी तुटून पडला.

"काय मेहुणे, नळ बंद पडलाय म्हणे तुमचा! ओहोटी वाढू?"

"काठोकाठ भर," अपिसाई गुरगुरला. "रातूंच्या पहिल्या दिवशी त्यांचा मानकरी अर्धी वाटी घेणार? त्यापेक्षा मेलेलं बरं."

तो थट्टेत बोलत नव्हता. एवढ्याने मरेल का, असं विलिमाइनाने लछमीला विचारून घेतलं होतं. एका वाटीने नाही, पण त्या दिवशी काठोकाठ भरलेल्या वाट्यांमागून वाट्या येणार, आणि पाणी थेट फुप्फुसात चढेल, असं उत्तर होतं.

आदल्या संध्याकाळी ती मिठाची पुडी घेऊन नव्या रातूंच्या, इसिकेलींच्या, दारात बसली. नवऱ्यासाठी काही मागितलं तर त्याची अब्रू जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने पुडी पुढे सरकवली.

"रातू, हिला पाणी का सुटतं माहितेय का तुम्हाला?"

"नाही बुवा. का?" रातू पुढे सरकून बसले. अंधार पडेपर्यंत ती त्यांना नळ्यांची गोष्ट सांगत होती. नवऱ्याचं नाव तिने एकदाही घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी बायका मागे बसल्या. एरोनीने यांगोनाच्या लाकडी परातीत पहिली वाटी बुडवली, भरून वर काढली. रातूंनी हात वर केला.

"ओहोटी," ते म्हणाले.

सगळ्या मांडवाच्या माना वळल्या. गादीवर बसण्याच्या दिवशी ओहोटी! एरोनीने अर्धी वाटी परत ओतली. रातूंनी उरलेली पिऊन टाकली, टाळ्या पडल्या. आता रातूंपेक्षा जास्त घेण्याची कुणाची छाती? अपिसाईपुढेही ओहोटीच आली, आणि त्यानंतर दिवसभर सगळ्यांपुढे. विलिमाइनाने डोळे पुसले आणि धूर गेला म्हणून सांगितलं.

घरी परतताना अपिसाई म्हणाला,

"काल रातूंकडे गेली होतीस ना?"

"मीठ द्यायला."

"काय बोललीस?"

"तुझं काहीच नाही. नळ्या पाणी कशा परत घेतात, तेवढंच."

तो वाटेतच थांबला, नारळाच्या खोडावर बसला आणि तिच्यासाठी बाजूला सरकला.

"कशा घेतात?"