मास्क काढून मारलेली हाक

बंदर समोर दिसत होतं, पण आम्हाला आत घेत नव्हते. आदल्या दिवशी समुद्र खवळला होता. डेकवरच्या एका कंटेनरमधली ॲसिडची पिंपं त्यात हलली आणि दाराच्या फटीतून पिवळट धूर यायला लागला. कॅप्टननं कळवलं तसं बंदरातून उत्तर आलं, आधी गळती थांबवा, मग धक्क्याला लागा.

मी चीफ ऑफिसर, माल माझ्या ताब्यात. माझ्याबरोबर यायला सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, आपणहून पुढे झाला. तो अफझलगंजचा, मी बरकतपुऱ्याचा. जहाजावर आम्ही दोघंच हैदराबादी. वयानं मोठा म्हणून मी त्याला चाचा म्हणायचो. ही त्याची शेवटची सफर होती. पुढे भावाच्या अत्तराच्या दुकानात बसायचं ठरलं होतं, आणि अत्तराची पारख आपल्याला वडिलांनी कशी शिकवली, हे तो रंगवून सांगायचा.

धूर समुद्राकडे जाईल असं कॅप्टननं जहाज वळवलं. आम्ही रबरी पोशाख घातले, पाठीवर हवेची टाकी, तोंडावर मास्क. मागून खलाशी पाण्याचा फवारा मारत होते. चाचा हेलकावणारं दार धरून उभा राहिला आणि मी चिरलेलं पिंप उचलायला आत वाकलो.

वरच्या थरातलं दुसरं पिंप माझ्या डोक्यावर सरकत होतं. मला ते दिसलं नाही. चाचा मास्कमधून ओरडला, तेही ऐकू आलं नाही. तेव्हा त्यानं मास्क ओढून काढला.

"साब, बाजू हटो, पिपा गिर रा."

मी बाजूला झालो. पिंप माझ्या जागेवर पडून फुटलं. मास्क पुन्हा चढवेपर्यंत चाचाच्या छातीत धूर भरला होता.

गळती आम्ही थांबवली. तरी परवानगी यायला वेळ लागला आणि चाचाला दवाखान्यात न्यायला दुसरी सकाळ उजाडली. छाती हळूहळू बरी झाली. वास यायचा मात्र बंद झाला तो कायमचाच.

सुट्टीवर आलो की मी अफझलगंजला जातो. चाचा दुकानात मागच्या बाजूला बाटल्या पुसत असतो. गेल्या खेपेला एका गिऱ्हाइकानं त्याला जरा हलकं अत्तर मागितलं. त्यानं भावाला हाक मारली आणि पुन्हा फडकं हातात घेतलं.

"चाचा, माझ्यामुळे झालं हे," मी म्हणालो.

"ऐसा नक्को बोलो, साब. चाय पियो."

चहा पिऊन निघालो. भाऊ पायरीपर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "खाना भी छोड़ दिए साब, आधे पे उठ जाते."

परत आत जावं असं फार वाटलं. पण आत जाऊन बोलणार काय? मी समोरची रिक्षा थांबवली.